‘नवरी’ नावाचा आमचा बँड

नंदुरबार स्टेशनवर मायनं मला निरोप दिला तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. खरंच सांगते. नवीन लग्न झालेली लेक सुरतेला निघालीय, जावई पाण्याची बाटली भरायला गेलाय, गाडीची घोषणा झालीय, आणि ही बाई प्लॅटफॉर्मवर फतकल मारून टकटक शेंगा फोडतेय. दाणे एका पिशवीत, टरफलं दुसरीत. इतरांच्या आया गळ्यात पडून रडतात, तसं काही होईल म्हणून मी रुमाल हातात तयार ठेवला होता. गाडी आली तशी तिनं दाण्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तठे जाईसनी रिकामी बसू नको, बाई. लोक नावं ठेवतीन." झालं! हाच आशीर्वाद. रुमाल मी पुढं उकई स्टेशनला चहा सांडला तेव्हा वापरला.

गावाकडच्या मैत्रिणींनो, तुम्हाला माझी माय माहीत आहे. तिचे हात कधी थांबलेले मी पाहिले नाहीत. बोलताना वाती वळेल, कीर्तनाला बसली तर लसूण सोलेल, कुणाच्या घरी भेटायला गेली तर त्यांचीच मेथी निवडून येईल. मीही तशीच वाढले. त्यामुळं सुरतेला आल्यावर मला गावाची आठवण येण्याआधी कामाची आठवण यायला लागली. पर्वत पाटियाजवळ एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर खोली. ना गोठा, ना शेत, ना सासू. मी, आमचे हे आणि धाकटे दीर दीपकभाऊ. दोघं सकाळी कामाला गेले की माझं सगळं आवरून व्हायचं आणि मी भिंतीकडं बघत बसायची. लाज वाटायची हो! कोणी बघेल म्हणून दार लावून बसायची.

तर त्याच आठवड्यात समोरच्या जसुबेननं दार वाजवलं. गोल चेहरा, कमरेला किल्ल्या, आणि आवाज असा की दार न वाजवता आला असता तरी चाललं असतं. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "नवरी छे के?"

मी लाजले. डोक्यावरचा पदर नीट केला. म्हटलं, किती चांगली बाई, विचारपूस करायला आलीय. मान खाली घालून म्हणाले, "हो. नवी नवरी."

"बौ हारु!" म्हणजे फार छान, असं म्हणून ती आपल्या घरात गेली आणि कपड्यांचा हा एवढा गठ्ठा आणून माझ्या दारात आपटला. सोबत छोटी कात्री. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून आलेल्या साड्या होत्या. त्यांच्या मागं लोंबणारे धागे कापायचे. धागा कटिंग म्हणतात त्याला. मला वाटलं, इथं नव्या नवरीला असंच काम देऊन पारखत असतील, आपल्याकडं नाही का पुरणपोळी करायला लावतात! मी मुकाट्यानं कापत बसले.

संध्याकाळी हे आले. गठ्ठा बघितला, सगळं ऐकलं आणि हसून हसून जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. गुजरातीत नवरी म्हणजे मोकळी, रिकामी. जसुबेननं विचारलं होतं, "रिकामी आहेस का?" आणि मी मान खाली घालून सांगितलं होतं की हो, नवी नवी रिकामी आहे. "मग नवरा म्हणजे?" मी विचारलं. "रिकामटेकडा," दीपकभाऊ म्हणाले. "बरोबर आहे मग," मी म्हटलं आणि यांच्या पुढ्यात कात्री ठेवली.

हसण्यावारी गेलं, पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या भाषेत नवरी म्हणजे जिच्या मागं आता जन्मभराचं काम लागणार ती. जसुबेनच्या भाषेत नवरी म्हणजे जिच्या मागं काहीच काम नाही ती. धागे कापता कापता मला एकदम जाणवलं, की आपल्याला ती दुसरी नवरी कधी होताच आलं नाही. लहानपणीसुद्धा नाही. आणि आता व्हायचंय. आठवड्यातली एक दुपार तरी, कात्री न धरता, दार न लावता, कोणाला न लाजता. हे मी कोणाला बोलले नाही. असलं बोलायचं तरी कोणाजवळ? मायला फोनवर सांगितलं असतं तर तिनं मला दवाखान्यात न्यायला लावलं असतं.

आता बँडकडं येते. तुम्ही सगळ्या तेवढ्यासाठीच वाचताय हे मला ठाऊक आहे.

आमचे हे कतारगामला एका लूमच्या खात्यात मास्तर. खातं म्हणजे कारखाना, आणि मास्तर म्हणजे शाळेचे नव्हे, बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे. एके दिवशी डबा विसरून गेले म्हणून मी बसनं घेऊन गेले. दारात उभी राहिले आणि माझ्या कानठळ्याच बसल्या. लूम सगळे एकदम खडखडत होते. हे पार शेवटच्या रांगेत, पाठमोरे. हाक कशी मारणार? बाकीचे लोक नाव घेऊन ओरडत होते, 'ए कैलास!' मी नाव घेत नव्हते तेव्हा. आता घेते, कैलास, कैलास, बघा घेतलं. पण तेव्हा जीभ वळायची नाही. मग पोटातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढला आणि ओरडले, "अहोऽऽऽ!"

सगळं खातं वळून बघायला लागलं. त्या एका 'अहो'ला चार नवरे वळले, असं कैलास अजून सांगतात.

दीपकभाऊ तेव्हा काही कामानं तिथंच आले होते. ते कापड मार्केटमध्ये पार्सल बांधायचे, पण जीव सगळा गिटारमध्ये. मोबाईलवर ऐकून ऐकून शिकलेले. त्यांना म्हणे असा बँड काढायचा होता, अर्धा पंक, अर्धा मेटल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कैलासनी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांवरून समजावलं, "ताणा मेटलचा, बाणा पंकचा." तेवढं कळलं. कैलासना त्यांनी जुना बास गिटार आणून दिला होता. चार तारा बघून हे म्हणाले, "एवढंच? मी हजार तारा सांभाळतो," आणि खरंच लवकर शिकले. ड्रमवर भटू. हा साक्रीकडचा, यांच्याच खात्यात लूम चालवायचा. गावाकडं लहानपणापासून लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवलेला. लाल कोट, गोंड्याची टोपी, भर उन्हात वरातीपुढं. त्या टोपीला कंटाळून सुरतेला पळून आलेला माणूस तो. सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं गाणाऱ्यावर. दीपकभाऊ ओरडायचे आणि दोन गाण्यांत घसा बसायचा, मग चार दिवस खुणांनी भाजी मागायचे.

त्या दिवशी माझा 'अहो' ऐकून त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "वहिनी, हा आवाज तुमचाच होता?"

"चुकलं का काही?"

"चुकलं कसलं! लोक असा आवाज काढायला वर्षं घालवतात."

रजेच्या दिवशी खातं बंद असायचं. शेठ भला माणूस, लूमला हात लावायचा नाही एवढ्या अटीवर किल्ली द्यायचा. आम्ही चौघं लूमच्या मधल्या वाटेत उभे राहायचो. पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून ओरडले. दुसऱ्यांदा लूमकडं. नंतर नंतर या तिघांकडं बघून ओरडायला लागले, आणि बायांनो, काय सांगू! गावात मोठ्यानं हसलं तरी 'हळू वं' ऐकलेली मी. आणि इथं तीन पुरुष मला म्हणताहेत, "वहिनी, अजून मोठ्यानं." मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये मी एकटीच हसत बसायची.

गाणं मीच केलं. गाणं कसलं, गाऱ्हाणं ते!

भांडी झाली, मी नवरी!
धुणं झालं, मी नवरी!
हाक मारू नका, मी नवरी!
दार वाजवू नका, मी नवरी!

बस, एवढंच. भटूनं त्याच्याखाली लूमची चाल टाकली, खडाखड खडाखड, पार शेवटपर्यंत न थांबता. बँडचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा भांडणच झालं नाही. 'नवरी'. रिकाम्या दिवसाचा, रिकाम्या लोकांचा बँड.

आणि या नावानंच सगळा घोळ केला. चांगला घोळ.

जालन्याकडचे एक काका, बांधकामावर मुकादम, आमच्याच बाजूला राहायचे. त्यांच्या मुलीचं लग्न. त्यांना कोणीतरी सांगितलं की मराठी माणसांचा एक 'नवरी बँड' आहे. आता मराठी माणूस 'नवरी बँड' ऐकून काय समजणार? त्यांनी फोन केला, "हळदीला येता का?" दीपकभाऊंना आनंदानं काही सुचेना. पहिला कार्यक्रम! त्यांनी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

मांडवात पोचलो तर काका वाटच बघत होते. आमच्याकडं बघितलं. काळे टी-शर्ट, दीपकभाऊंच्या छातीवर कवटी. मागं बघितलं, अजून कोणी येतंय का ते. मग हळूच विचारलं, "ड्रेस कुठाय तुमचा? आणि ते पिपाणीवाले?"

भटूच्या तोंडचं पाणी पळालं. "वैनी," तो माझ्या कानात म्हणाला, "हाई तं लगीनना बँड समजी ऱ्हायनात!"

पळून जावं असं चौघांनाही वाटलं. पण पाहुणे बसलेले, पोरगी हळद लावून पाटावर बसलेली. दीपकभाऊ म्हणाले, होऊ द्या. सुरू केलं. पहिल्याच ठोक्याला एक बाळ भोकाड पसरून रडलं. एक म्हातारबुवा कानात बोटं घालून उठले. नवरीच्या आजीनं जोरात विचारलं, "कोण मेलं का?" काका कपाळाला हात लावून बसले होते. मला वाटलं, आता मार खाऊनच घरी जायचं. मग मी डोळे मिटले आणि ओरडले, "भांडी झाली, मी नवरी!"

मांडवात बसलेल्या बाया कोण होत्या? सुरतेत वर्षानुवर्षं राहिलेल्या. कोणी धागा कटिंगवाली, कोणी साडीला लेस लावणारी, कोणी बांधकामावरची. सगळ्यांच्या दाराशी कधी ना कधी कोणी जसुबेन उभी राहून विचारून गेलेली. दोन्ही अर्थ त्यांना झटकन लागले. नवरीची मावशी चुलीजवळ पुऱ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर ओरडली, "मी नवरी!" मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच. आणि पिवळी झालेली ती खरी नवरी, ती तर पाटावर उभी राहून ओरडत होती. गाणं संपलं की पुन्हा, संपलं की पुन्हा. बाया ज्या बसल्या त्या कामाला उठेचनात. शेवटी पंगत पुरुषांनी वाढली. मुकादम काका स्वतः वरणाची बादली घेऊन फिरत होते आणि येताजाता मला म्हणत होते, "बाई, काय करून ठेवलं हे!" पण हसत होते.

त्याचा कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि आमचं नाव झालं. म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलं म्हणजे झालंच म्हणायचं. उधन्याहून फोन, लिंबायतहून फोन, सगळे हळदीचे. सुरुवातीला मला फार भारी वाटलं. रस्त्यात बाया ओळखायच्या. भाजीवाली कोथिंबीर फुकट द्यायची. जसुबेन तर सगळ्या सोसायटीला सांगत सुटली की हे गाणं तिच्यामुळं झालं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण मग लोक म्हणायला लागले, जरा नाचायचं पण वाजवा. दीपकभाऊ नाचायची गाणी वाजवायला शिकले. मग म्हणायला लागले, जरा सगळ्यांचे सारखे कपडे असते तर. दीपकभाऊंनी चमचमणारी जाकिटं शिवून घेतली. भटूनं जाकीट घातलं, आरशात बघितलं, आणि आरशाकडं पाठ फिरवली. तो बिचारा पळून पळून पुन्हा त्याच वरातीत आला होता. त्यातच त्याला सुरतेबाहेर सचिन गावाला मोठ्या कारखान्यात काम मिळालं, लांबची पाळी, येऊन जाऊन जीव मेटाकुटीला. तरी रजेला यायचा.

आणि मी? रजेच्या दिवशी पहाटे उठून कटिंगचा गठ्ठा संपवायची, स्वयंपाक करून झाकून ठेवायची, साडी इस्त्री करायची, टेम्पोत बसायची, दिवसभर उभी राहायची आणि लोकांपुढं ओरडायची की मी रिकामी आहे. खातं आता बंदच राहायचं. सरावाला वेळ कुठं होता? गावाकडं असताना एवढी कामं नव्हती हो मला!

सचिनला एक हळद होती, तिथं ते झालं. मी 'हाक मारू नका' म्हणत होते आणि स्टेजच्या कडेला दीपकभाऊंचा फोन वाजत होता. गाणं चालू असताना त्यांनी तो उचलला आणि मला बोटानं खूण केली, पुढच्या रजेला दोन, सकाळी एक, दुपारी एक. मी पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. घसा ठीक होता. खोटं बोलायला आवाज निघेना. बायांनी ती ओळ म्हणून टाकली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परत येताना टेम्पोत मी सांगून टाकलं. "दीपकभाऊ, मला नाही जमायचं आता. मी नवरी म्हणायला मला सवडच राहिली नाही."

"वहिनी, आता कुठं नाव झालंय!"

"नाव झालं, पण दुपार गेली माझी. मला तीच पाहिजे होती."

हे मी पहिल्यांदा कोणापुढं बोलले. कैलास माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आधी सांगायचं ना!" आणि बास पिशवीत घालून चेन लावली. भटू तर हसायलाच लागला. "वैनी, तुम्हीच बोली टाकं ते बरं झालं. मी दोन रजांपासून धीर गोळा करी ऱ्हायनू." त्यानं जाकीट काढून टेम्पोच्या कोपऱ्यात फेकलं.

दीपकभाऊंनी मात्र मनाला लावून घेतलं. त्यांची चूक नव्हती. पार्सलं बांधणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणी नावानं ओळखत होतं. त्यांना दुसऱ्या बाईला घेऊन 'नवरी' चालू ठेवायचा होता. मी म्हटलं, सगळं घ्या, स्पीकर घ्या, जाकिटं घ्या, माझ्या चाली घ्या. नाव नाही देणार. ते माझं आहे. दोन महिने घरात तोंड फुगवून जेवत होते. मग त्यांनी आपला बँड काढला, 'दीपक बीट्स', आणि जोरात चाललाय. लग्नसराईत सापडत नाहीत. लग्नसराई संपली की येतात, कवटीचा टी-शर्ट घालून, आणि चौघं खात्यात जाऊन ओरडून येतो. ऐकायला कोणी नसतं. त्याला मी बँड म्हणत नाही.

बँड मोडल्यावर पहिल्या रजेला मी मोकळी बसले आणि माझाच हात आपोआप कात्रीकडं गेला. कैलासनी ती उचलली आणि फडताळावर ठेवली, माझा हात पोचणार नाही इतकी वर. चहा त्यांनी केला. भयंकर होता. मी दार सताड उघडं ठेवून तो प्याले. जसुबेन जिना चढताना थांबली, मला नुसतीच बसलेली बघितली आणि आपल्या घरात गेली. नंतर तिची सून सांगत होती की त्या दुपारी सासूबाई पण गॅलरीत बसल्या होत्या, नुसत्याच.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात माय आली होती. सुरतेला पहिल्यांदा. आली तशी सुरू झाली. डाळ निवडली, निवडलेली पुन्हा निवडली, माझे डबे घासले, जसुबेनच्या गठ्ठ्यातल्या साड्या माझ्याहून चटचट कापल्या. रजेच्या दिवशी मी जेवून बसले तर मला म्हणाली, "काय व्हई ऱ्हायनं तुले? बरं नही का?" मी म्हटलं, "बरी आहे. आज बसते." तिला ते कळेना. मग जसुबेननं मोठ्या कौतुकानं मोबाईलवर तो हळदीचा व्हिडिओ लावला. मायनं पुढं वाकून बघितलं. माझं ओरडणं, त्या बाया, तो गोंधळ. मला वाटलं, आता नावं ठेवणार. तिनं पुन्हा लावायला सांगितला. मग मोबाईलकडं बघत बघतच म्हणाली, "एवढा मोठा आवाज तुन्हा! घर व्हती तवय कधी ऐकू नही उना."

जसुबेन गेल्यावर माय भिंतीला टेकून बसली. हातात काही घ्यायला शोधलं, आजूबाजूला काही नव्हतं. मी दिलं पण नाही. थोड्या वेळानं तिनं पाय लांब केले. आणखी थोड्या वेळानं कूस बदलून आडवी झाली, पदर तोंडावर घेतला आणि झोपली. भर दुपारी. माझ्या जन्मापासून मी तिला कधी दिवसा झोपलेली पाहिलेली नाही. हात उघडे पडले होते फरशीवर, दोन्ही. मी त्या हातांकडं बघत बसले आणि स्टेशनवर न रडलेलं सगळं तेव्हा रडून घेतलं, आवाज न करता.

तुम्ही विचारता, तुझं घर आता कोणतं, गावाकडचं की सुरतेचं? गावाकडं माझी माय राहते. पण ती झोपली इथं. त्या दुपारी ती झोपली तेवढ्यात जिन्यात कटिंगचा माल घेऊन येणाऱ्यांची हाकाहाक सुरू झाली. मी उठून दारात जाऊन उभी राहिले, बोट ओठांवर ठेवलं आणि जेवढा हळू येतो तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "उद्या या. आई झोपलीय."